अंधार हवाय, पण दिसला पाहिजे

गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपच्या एकांकिकेची तालीम चालू होती आणि मी नेहमीसारखी मागे डिमर बोर्डाशी, म्हणजे स्टेजवरचे लाईट कमी-जास्त करायच्या बोर्डाशी बसले होते, तर दिग्दर्शक म्हणाला, "इथे अंधार हवाय, पण दिसला पाहिजे." मी वीस टक्क्यांवर आणलं. "नाही गं, जास्त झालं." पंधरा. "आता कमी झालं." सतराला तो काहीच बोलला नाही, नुसता स्टेजकडे बघत बसला, म्हणजे नाहीच आवडलं. मग मी विचारलं की अरे नक्की कसला अंधार आहे, वेळ कुठली, उजेड कुठून येतोय, तर म्हणाला, "मंद प्रकाश, संहितेत लिहिलंय ना."

संहितेत खरंच तेवढंच होतं. मंद प्रकाश. आणि एकदा नाही, पाच वेळा. कोकणातलं घर, मुलगा संध्याकाळपर्यंत येतो म्हणालाय आणि आलेला नाही, आई वाट बघतेय, मध्येच लाईट जातात, रात्र होते, पहाट होते. पाचही ठिकाणी मंद प्रकाश! आता दिवेलागणीचा उजेड, लाईट गेल्यावर पेटवलेल्या चिमणीचा उजेड, खिडकीतनं येणारं चांदणं, पहाटेचं फटफटणं आणि पावसाळी सकाळचं मळभ हे पाच वेगळे उजेड आहेत, ते पाच वेगळे लाईट आहेत, वेगळ्या बाजूनं येतात, वेगळ्या रंगाचे असतात. मी गेली आठ-नऊ वर्षं लाईट्स करते आणि मला आता पक्कं वाटायला लागलंय की आकडे सांगून काही होत नाही, शब्द बरोबर मिळाला की अर्धी प्रकाशयोजना झालीच. त्या रात्री घरी आले आणि वहीत शब्द लिहीत बसले. दीडपर्यंत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, म्हणजे १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट सर्च करता येतात, ते उघडून ठेवले होते, पण खरं सांगू तर निम्मे शब्द आजीच्या आवाजातच आठवले.

आजीचं घर राजापूरच्या बाजूला. तिच्याकडे लाईट गेले की (आणि २००५-०६ च्या सुमाराला लोडशेडिंगमध्ये ते रोज जायचे, ठरलेल्या वेळी जायचे आणि ठरलेल्या वेळी यायचे नाहीत) पहिलं वाक्य असायचं, "काळोख झाला, चिमणी आण." चिमणी म्हणजे घासलेटची छोटी बत्ती, काच नसलेली. देशावरची माझी मैत्रीण त्याला रॉकेल म्हणते आणि काळोखाला अंधार म्हणते. मला मात्र अंधार आणि काळोख अजूनही एक वाटत नाहीत. अंधार म्हणजे उजेड नाही एवढंच. खोलीत अंधार आहे, लाईट लाव, संपलं. काळोखाला अंग असतं, तो दारात उभा राहतो, मागीलदारी विहिरीपाशी जाताना तो अंगाला लागतो. दुसऱ्या कुणाला असं वाटत नसेलही, पण लहानपणी जो शब्द ऐकत ऐकत घाबरलो त्याला वजन जास्त असतं.

तर ती चिमणी मिणमिणायची. मिणमिण हा शब्द नीट बघा, त्यात उजेड कमी आहे हे तर आहेच, पण तो बारीकसा हलतोय, कुठल्याही क्षणी जाईल, आणि जवळ जाऊन बघावं लागतंय हेही आहे. समई कधी मिणमिणत नाही. समई तेवते. उजेड मोजायला गेलात तर दोघींचा सारखाच असेल, पण तेवण्यात स्थिरपणा आहे, वात सरळ आहे, तेल पुरेसं आहे, घरात कुणीतरी लक्ष ठेवून आहे. समईला जळते म्हटलेलंही आजीला चालायचं नाही, आणि विझवली तर अजिबातच नाही, दिवा मालवायचा किंवा शांत करायचा. आणि लुकलुकतं ते लांबचं. डोंगरापलीकडच्या वाडीतला दिवा लुकलुकतो, तारे लुकलुकतात, काजवे लुकलुकतात. हल्ली जाहिरातींत सगळीकडे टिमटिमणारे तारे दिसतात, तो हिंदीतून आलेला शब्द आहे, त्याच्याशी भांडण नाही माझं, पण लुकलुक मध्ये जो डोळा उघडझाप करतोय, तान्ह्या बाळाचे डोळे लुकलुकतात म्हणतो ना आपण, ते टिमटिम मध्ये येत नाही. फार तेल झालं, वात मोठी झाली की चिमणी ढणढणायची, मग आजी ओरडायची कारण छताला काजळी धरायची.

म्हणजे मिणमिण, तेवणं, लुकलुक, ढणढण. माझ्या बोर्डावर हे चारही बारा टक्क्यांत बसतील. पण मिणमिणला मला एक लाईट खाली, जमिनीजवळ, आईच्या हाताशी ठेवावा लागतो आणि फेडर, म्हणजे बोर्डावरची उजेडाची सरकपट्टी, बोटानं सारखा एक-दोन टक्के हलवत राहावा लागतो, तेवण्याला हात लावायचा नाही, आणि लुकलुकला तर स्टेजवर उजेड पडतच नाही, मागच्या पडद्यात फक्त एक ठिपका.

संध्याकाळचे शब्द सगळ्यात जास्त सापडले, पान भरलं. दिवस कलला, उन्हं उतरली, दिवस बुडाला, सांजावलं, दिवेलागण झाली, तिन्हीसांजा, कातरवेळ, संधिप्रकाश. यातला संधिप्रकाश मला पुस्तकातलाच वाटतो, कुणी बोलताना म्हणत नाही. साताऱ्याकडच्या आमच्या एका नटानं मात्र त्या दिवशी जो शब्द दिला तो मी डोक्यावर घेऊन नाचले. तो म्हणाला, "आमच्याकडं याला कडुसं पडलं म्हणत्यात." कडुसं! दिवस बुडालाय, दिवे अजून लागले नाहीत, समोरून माणूस येताना दिसतंय पण कोण ते कळत नाही, ती वेळ. गुरं परत आलेली, चुलीचा धूर खाली बसलेला. एका शब्दात मला लाईट किती, धूर किती, चेहऱ्यावर किती आणि मागे किती सगळं कळलं. चेहरा ओळखू यायचा नाही पण आकार यायचा, म्हणजे समोरून काही नाही, सगळं मागून.

कातरवेळ यापेक्षा वेगळी आहे. कडुसं डोळ्याला दिसतं, कातरवेळ मनाला लागते. कातर म्हणजे कात्री, दिवस नि रात्र कापणारी वेळ असंही लोक सांगतात, आणि कातर म्हणजे घाबरलेलं, थरथरणारं, आवाज कातर झाला म्हणतो तो, तेही त्यात ऐकू येतं, आणि मला दोन्ही हवेत. तिन्हीसांजेला मात्र घर आहे, नियम आहेत. झोपायचं नाही, केर काढायचा नाही, उंबऱ्यावर बसायचं नाही, पुढचं दार उघडं ठेवायचं, दिवा लावला की हात जोडायचे आणि शुभंकरोती. आजही आमच्याकडे ट्यूब लावली की आई बटणावरचा हात काढून आधी नमस्कार करते.

ही वेळ आपल्याकडे किती लहान असते याचा हिशोब मी या नाटकासाठी पहिल्यांदाच काढला. सूर्य मावळल्यापासून क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत जो उजेड असतो, ज्यात बाहेर दिव्याशिवाय काम करता येतं, तो महाराष्ट्रात साधारण बावीस ते पंचवीस मिनिटं टिकतो. बस. आपल्याकडे सूर्य बराचसा सरळ खाली जातो, तिरका घसरत जात नाही, म्हणून अंधार पटकन पडतो. माझी मावसबहीण लंडनला आहे, तिच्याकडे जूनमध्ये सूर्यच रात्री सव्वानऊच्या सुमाराला मावळतो, मग हाच उजेड पाऊण तास रेंगाळतो, आणि त्या दिवसांत आभाळ रात्रभर पूर्ण काळं होतच नाही, कारण सूर्य अठरा अंश खाली जातच नाही. ती सांगते की मुलीला शुभंकरोती म्हणायला बसवायचं तर दिवेलागणीच्या आधी मुलगी झोपलेली असते, म्हणून ते लोक घड्याळाच्या सात वाजता, भर उन्हात म्हणतात. मला ते ऐकून कसंतरीच झालं, ती अगदी मनापासून करते सगळं, पण तिन्हीसांज हा शब्द त्या आभाळाखाली कुठे ठेवायचा? आपला शब्द आपल्या पंचवीस मिनिटांच्या मापाचा आहे, त्यात घाई आहे, गुरं आली, वाळवण आत घ्या, दिवा लावा, पोरं कुठं गेली बघा.

या पंचवीस मिनिटांत अजून एक गंमत होते ती डोळ्यांची. आजीच्या अंगणातली लाल जास्वंद आधी काळी पडायची आणि तिची पानं त्यानंतरही बराच वेळ दिसत राहायची, लहानपणी मला वाटायचं फूल मिटलं. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी पुढे येतात, त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही, निळा-हिरवा जास्त दिसतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे एकोणिसाव्या शतकात नोंदवलं, त्याच्याच नावानं ओळखतात. स्टेजवर याचा थेट उपयोग आहे, आईला लाल साडी दिलीत आणि निळी संध्याकाळ केलीत तर आई काळी ठिक्कर दिसणार, आमच्याकडे तेच झालं होतं, साडी बदलली, राखाडी घेतली, एक टक्काही लाईट न वाढवता ती दिसायला लागली.

पहाटेचे शब्द संध्याकाळपेक्षा कमी आहेत पण जास्त ताजे आहेत. झुंजूमुंजू झालं, देशावर झुंजुरकं, फटफटलं, तांबडं फुटलं, उजाडलं. बघा ना, सगळी क्रियापदं पुढे जाणारी आहेत. संध्याकाळी दिवस कलतो, बुडतो, मावळतो, उन्हं उतरतात, सगळं खाली. सकाळी फुटतं, फटफटतं. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही ही म्हण त्या जोरावरच उभी आहे. माझ्या बोर्डावर जाणारा वीस टक्के आणि येणारा वीस टक्के हा एकच आकडा आहे, पण प्रेक्षकाला ते एक दिसत नाहीत, कारण आधी जास्त उजेड बघितलेला असला तर वीस म्हणजे काळोख आणि आधी काळोख बघितलेला असला तर वीस म्हणजे चांगलं उजाडलं. मराठीनं हे आधीच वेगळे शब्द देऊन ठेवलेत, नाटक लिहिणाऱ्यांनी वापरावेत एवढंच.

आता पूर्ण अंधाराकडे. इथे विशेषणांची आणि त्या छोट्या छोट्या नादाच्या शब्दांची मजा आहे. मिट्ट काळोख. किर्र रात्र. अंधारगुडूप. काळाकुट्ट. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा. हे एकमेकांच्या जागी टाकून बघा, जमत नाही. मिट्ट काळोखात मला डोळे मिटल्यासारखं वाटतं, खोलीतला, बंद दाराचा काळोख. किर्र मध्ये रातकिडे आहेत, तो शब्द डोळ्यांचा नाहीच, कानांचा आहे, दिसत काही नाही म्हणून ऐकू येतंय. किर्र रात्र बंद खोलीत होऊच शकत नाही, तिला झाडी लागते. म्हणून संहितेत किर्र असेल तर ते माझं काम नाही, साउंडवाल्याचं आहे, मी फक्त पूर्ण काळं करायचं आणि बाजूला व्हायचं. आणि गुडूप मध्ये पांघरूण आहे, पोरगं गुडूप झोपलं म्हणतो तेच, कुणीतरी गावावरून गोधडी ओढल्यासारखं. त्यात भीती नाही. लाईट गेल्यावर आजोबा "झालं गुडूप" म्हणायचे तर आम्ही पोरं हसायचो.

निबिड, तिमिर, तम हे शब्दही वहीत लिहिले. तिमिर आपल्या प्रत्येकाला पसायदानातून येतो, ज्ञानेश्वरी १२९० सालची म्हणजे सातशेहून जास्त वर्षं तो घराघरात म्हटला जातोय, पण तरी लाईट गेल्यावर कुणाच्या तोंडून तिमिर निघत नाही. प्रार्थनेचा शब्द प्रार्थनेतच राहिला आणि ते मला बरं वाटतं.

दिवसाढवळ्याचा जो कमी उजेड असतो त्याचा विचार आपण कमी करतो. मळभ आलंय, झाकोळलंय, अंधारून आलंय, कुंद हवा आहे. अंधारून आलंय म्हटलं की पाऊस पडणार आहे, हालचाल आहे, वारा सुटलाय, कपडे काढा दोरीवरचे. मळभ म्हणजे काहीच होणार नाहीये, पाऊसही नाही, ऊनही नाही, दिवसभर हे असंच. आणि कुंद मध्ये हवा अडकलेली आहे, घाम आहे, सावलीच पडत नाही. सावली पडत नाही हे फार महत्त्वाचं, कारण स्टेजवर मळभ करायचं तर एकही लाईट थेट मारून चालत नाही, सगळे छताला किंवा पांढऱ्या कापडाला मारायचे आणि परत येईल तो उजेड घ्यायचा. मनावर मळभ आलं असं आपण म्हणतो ते किती बरोबर आहे, दुःख असेल तर अंधारून येतं आणि बरसून मोकळं होता येतं, मळभाला तसा मार्ग नसतो. आमच्या नाटकातली शेवटची सकाळ मळभाचीच आहे.

क्रियाविशेषणांबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, विशेषतः जे लिहितात त्यांना. "दिवा मंदपणे जळत होता", "तिला अंधुकपणे दिसलं" हे वाचलं की मी अडखळते. त्यात चूक काही नाही, पण बोलताना कोण म्हणतं असं? आपण म्हणतो दिवा मिणमिणत होता. तिला अंधुकसं दिसलं, पुसटसं दिसलं. तो -सं लावला की झालं काम. आणि रंगांच्या शेपट्या बघा, काळसर, काळपट, धुरकट, भुरकट, पिवळट, पिवळसर, तांबूस. पिवळसर उजेड म्हणजे घरातला, बरा वाटणारा. पिवळट उजेड म्हणजे जिन्यातला जुना बल्ब, ज्याच्याखाली माणूस आजारी दिसतो. नुसत्या -सर आणि -ट मध्ये एवढा फरक आहे, वेगळं क्रियाविशेषण कशाला लागतंय! माझ्याकडे तर या दोन शेपट्यांसाठी दोन वेगळे जिलेटिन पेपर, म्हणजे लाईटपुढे लावायचे रंगीत पारदर्शक कागद आहेत, एक अंबर म्हणजे मधाच्या रंगाचा आणि एक हिरवट झाक असलेला पिवळा.

कवडसा आणि तिरीप राहिलेच. तिरीप म्हणजे तिरकी घुसलेली उन्हाची पट्टी, कवडसा म्हणजे कौलांच्या फटीतून जमिनीवर पडलेला ठिपका. फट कशीही वेडीवाकडी असो, कवडसा गोलच असतो कारण तो सूर्याचंच चित्र असतो, खंडग्रास ग्रहणात सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. आमच्या नाटकात ऊनच नाही त्यामुळे ते वापरता आले नाहीत, याची चुटपुट लागून राहिलीय.

आता चिमणीच्या प्रवेशात आम्हाला जो त्रास झाला तो सांगते. जुने हॅलोजन कमी करत नेले की त्यांची तार थंड होत जाते आणि उजेड आपोआप नारिंगी, तांबूस होत जातो, अगदी विझत आलेल्या वातीसारखा, म्हणून मिणमिण त्यांच्यात फुकट मिळते. हल्ली बऱ्याच हॉलमध्ये साधे एलईडी आले आहेत, वीज कमी, उष्णता कमी, नटांना बरं. पण हे एलईडी कमी केले तरी पांढरेच राहतात. पाच टक्क्यांचा पांढरा उजेड म्हणजे मिणमिण नाही, ती नुसती फिकी पडलेली ट्यूब. शेवटी मी घरून साधा पिवळा बल्ब आणला, घरगुती डिमर लावला आणि टोपलीमागे लपवला. त्या एका बल्बनं आईचा चेहरा खालून असा उजळला की तालमीत सगळे गप्प झाले.

आणि लाईट जातात तो क्षण. तिथे मला आजीचंच एक वाक्य उपयोगी पडलं. लाईट गेले की आम्ही पोरं लगेच धडपडायला लागायचो, काड्यापेटी शोधायला, आणि ती म्हणायची, "थांबा रे, काळोख जरा निवळू दे." गढूळ पाणी निवळतं तसा काळोख निवळतो तिच्या हिशोबात. आणि ते अगदी खरं आहे, डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते आणि अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. ती चिमणी लावायची घाईच करायची नाही. हळूहळू दाराची चौकट यायची, मग पाटाचा कोपरा, मग तिचं पांढरं लुगडं.

मी दिग्दर्शकाला म्हटलं, इथे मला आठ सेकंद पूर्ण काळं दे, एकही वाक्य नको, आणि मग मी पंधरा सेकंद घेऊन सात टक्क्यांवर येते. तो आधी नाही म्हणाला, आठ सेकंद स्टेजवर फार असतात, प्रेक्षक खोकायला लागतात. करून बघितलं. सतराला जे दिसत नव्हतं ते सातला दिसलं.

क्यू शीटवर, म्हणजे कुठला लाईट कधी बदलायचा त्या नंबरवार यादीवर, मी आता आकड्यांच्या शेजारी शब्द लिहिलेत. तीन नंबर तिन्हीसांज, चार कडुसं, सात काळोख, आठ निवळ, नऊ मिणमिण, चौदा झुंजूमुंजू, सोळा मळभ. दुसरा ऑपरेटर बसला तरी त्याला कळेल आणि दिग्दर्शकही आता "जरा कमी" म्हणत नाही, "हे अजून कडुसं नाही झालं" म्हणतो.

बारा नंबर अजून जमलेला नाही. तिथे पिठूर चांदणं हवंय. टिपूर नाही, टिपूर म्हणजे लख्ख, सावल्या पाडणारं, ते निळा पेपर लावून कुणीही करतं. पिठूर म्हणजे हलकं, पीठ भुरभुरल्यासारखं, पातळ ढगाआडून आलेलं, सगळ्यावर सारखं बसलेलं. दोन पेपर बदलून झाले, एकात आई निळी दिसते आणि दुसऱ्यात ट्यूब लावल्यासारखं वाटतं. रविवारी हॉल मिळाला तर वर पांढरं मांजरपाट बांधून त्यावरून उजेड खाली पाडून बघणार आहे.